उतारावरचं शिळावर्तुळ: मोजलं कसं आणि वाचलं काय

नागपूरच्या आजूबाजूच्या टेकाडांवर मोठाल्या गोट्यांची वर्तुळं दिसतात, ती महापाषाण काळातली, म्हणजे मोठे दगड लावून दफन करायचे त्या काळातली, दफनं आहेत हे आता बऱ्याच जणांना माहीत असतं, निदान काटोल रोडवरच्या जुनापाणीचं नाव तरी कानावरून गेलेलं असतं. पण सपाटीवरचं वर्तुळ बघणं वेगळं आणि उतारावरचं मोजायला घेणं वेगळं. उतारावर तीन हजार वर्षांत माती खाली सरकते, गोटे घसरतात, वरून गाळ येऊन बसतो, त्यामुळे आज डोळ्यांना जे दिसतं त्यात माणसांनी बांधलेलं किती आणि उताराने केलेलं किती हे वेगळं काढणं हेच खरं काम असतं. आम्ही मागच्या हिवाळ्यात असं एक वर्तुळ मोजलं त्याबद्दल लिहितेय. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे येईलच, गुप्तधनवाल्यांचा त्रास.

मोजायची घाई होती त्याला कारण होतं. त्या टेकाडावर सलग समतल चरांचं काम मंजूर झालेलं. म्हणजे पाणी अडवायला उताराला आडवे, एकाच पातळीत जाणारे साधारण ६० सेंमी रुंदीचे चर खोदतात ते. काम चांगलंच आहे, त्याला विरोध करायचा प्रश्नच नव्हता, फक्त चुन्याची एक रेघ सरळ वर्तुळाच्या खालच्या बाजूने जात होती. तिथल्या वनरक्षकभाऊंनीच ओळखीतून निरोप पाठवला की ताई, हे तुमचं ते जुनं गोट्यांचं दिसतंय, काय ते कागदावर आणून द्या म्हणजे मला वर दाखवता येईल. आमच्यात मी, एक रिटायर्ड सर ज्यांनी आयुष्यभर कालव्यांची लेव्हल घेतली, आणि एम.ए. पुरातत्त्व करणारी दोन पोरं. खणायचं काहीही नाही, उचलून घरी काही न्यायचं नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलं. उत्खननाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते आणि ती आपल्याला हौस आहे म्हणून मिळत नाही, मिळूही नये.

आधी थोडं मागचं सांगते नाहीतर पुढचं समजणार नाही. या वर्तुळांकडे लक्ष जाऊन आता दीडशे वर्षांच्या वर झाली. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं ते स्टीफन हिस्लॉप १८६३ च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटची वर्तुळं बघून परत येताना नाल्याच्या पुरात बुडून गेले, हे नागपूरच्या लोकांनाही फारसं माहीत नसतं. १८६७ मध्ये मेजर पीअर्स यांनी कामठीजवळचं एक मोठं वर्तुळ खोदलं, त्यातल्या वस्तू ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. मग रिव्हेट-कार्नॅक यांनी जुनापाणीला काम करून १८७९ मध्ये छापलं, गोट्यांवर कोरलेले वाटीसारखे खळगे त्यांनीच नीट नोंदवले. पुढे तिथेच १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांचं उत्खनन झालं. आणि मग शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी, पुरातत्त्वज्ञ अ. प्र. जामखेडकरांसोबत नैकुंड, अशी उत्खननांची रांगच लावली. म्हणून आज न खणताही आपण बऱ्यापैकी सांगू शकतो की आत काय असावं: गोट्यांचं कडं, कड्याच्या आत काळी चिकण माती आणि बारीक गोटे भरून केलेला उंचवटा, त्याखाली बहुतेक वेळा तुकड्या-तुकड्यांत पुरलेली हाडं, काळी-तांबडी भांडी, लोखंडी कुऱ्हाडी, तांब्याच्या वस्तू, मणी. माहुरझरीला तर घोडे पुरलेत, त्यांच्या तोंडावरच्या तांब्याच्या दागिन्यांसकट. काळ ढोबळ इ.स.पू. १००० ते ३००. हे डोक्यात असल्यामुळे फायदा होतो आणि तोटाही, कारण जे माहीत आहे तेच सगळीकडे दिसायला लागतं.

म्हणून सरांनी पहिल्या दिवशी फिता उघडूच दिला नाही. नुसतं फिरा म्हणाले. पूर्ण उतार, वरच्या माथ्यापासून खालच्या नाल्यापर्यंत, आडवं-उभं. कुसळी गवत असं की मोजे जाळून टाकावे लागले, आणि मधेमधे रायमुनियाची, म्हणजे घाणेरीची जाळी, तिच्या खाली घुसून बघायचं. पण त्या फिरण्यातच कळलं की उतारावर गोट्यांचे ढीग एक नाही, पाच-सहा आहेत आणि ते सगळे दफनं नाहीत.

खालच्या बाजूला शेतं संपतात तिथे धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दोन मोठे ढीग होते. पोरं एकदम खूश झाली. पण जवळ जाऊन बघितलं तर त्यात मुठीएवढ्यापासून डोक्याएवढ्यापर्यंत सगळ्या मापाचे दगड मिसळलेले, बाहेरून कडं नाही, दगडांच्या मधे माती नाही, नुसत्या पोकळ्या, हात घातला तर आत जातो (घालू नये, विंचू असतात). आणि ढीग बरोब्बर धुऱ्याच्या रेषेत. शेत साफ करताना पिढ्यानपिढ्या वेचून टाकलेले दगड ते. दगडफुलाचे चट्टेही वेड्यावाकड्या बाजूंना, काही दगडांच्या तर खालच्या अंगाला, म्हणजे दगड आधी कुठेतरी दुसरीकडे उघड्यावर पडलेला होता आणि नंतर इथे उलटा येऊन पडला. आमच्या वर्तुळात मात्र मोठ्या गोट्यांवर दगडफूल वरच्याच अंगाला होतं आणि जुनं, जाड, राखाडी. हा फरक कागदावर लिहायला दोन ओळी लागतात पण डोळ्याला बसायला अख्खी सकाळ गेली.

मग मोजणी. पहिली गोष्ट म्हणजे मुख्य रेषा, बेसलाइन. ती उताराच्या दिशेने वरून खाली, वर्तुळाच्या साधारण मधून टाकली, दोन्ही टोकं वर्तुळाच्या चांगली बाहेर नेली, म्हणजे मूळ उतार कसा आहे तेही मिळतं. तिला काटकोनात दुसरी. काटकोन ३-४-५ च्या त्रिकोणाने, फिता आणि तीन खुंट्या, यापेक्षा भारी काही लागत नाही. खुंट्या गोट्यांच्या कड्याच्या आत कुठेच ठोकल्या नाहीत, आत फक्त दोरी.

इथे होकायंत्राची गंमत सांगते. पोराने एका मोठ्या गोट्यावर होकायंत्र ठेवून उत्तर घेतली आणि तीन पावलं बाजूला जाऊन परत घेतली तर सुईने चांगलाच फरक दाखवला. त्याला वाटलं यंत्र बिघडलं. बिघडलं नव्हतं, हे काळे दगड म्हणजे बेसॉल्ट, त्यात लोहयुक्त खनिज असतं, वीज पडलेला एखादा असेल तर अजूनच. तेव्हा उत्तर घ्यायची ती दगडांपासून लांब उभं राहून, किंवा सरळ दुपारच्या सावलीवरून, आम्ही दोन्ही केलं आणि ते जुळलं. मोबाईलचं जीपीएस टेकाड नकाशावर दाखवायला ठीक, पण त्यात चार-पाच मीटर इकडेतिकडे होतं, एकेका गोट्याची जागा त्याने घेतली तर वर्तुळाचं वर्तुळच राहणार नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे फिता उतारावर पसरून मोजायचं नाही. फिता आडवा, एकदम लेव्हलमध्ये धरायचा आणि खालच्या टोकाला ओळंबा सोडायचा, पायरी-पायरीने. आमचा उतार आठास एक होता, म्हणजे आठ मीटर चाललं की एक मीटर खाली. चौदा मीटरमागे दहाएक सेंटिमीटरचा फरक पडतो. कमी वाटतो, पण वर्तुळ गोल की लांबट हा प्रश्न असेल तर फितीने आणलेली लांबटी आधी काढून टाकलेली बरी.

सरांनी डंपी लेव्हल, म्हणजे जमिनीची उंची-सखलता मोजायची दुर्बीण, आणलेली, मित्राच्या ऑफिसमधून, तिच्यातून वाचायची आकड्यांची उभी पट्टी, स्टाफ, मात्र स्वतःचा, रंग उडालेला. उंचवट्यावर मीटर-मीटरला आणि बाहेर दोन-दोन मीटरला रीडिंग. हे काम कंटाळवाणं आहे यात वाद नाही. एक जण लेव्हलवर, एक स्टाफ धरून, एक लिहायला, आणि लिहिणाऱ्याने प्रत्येक आकडा मोठ्याने परत म्हणायचा हा सरांचा नियम, "म्हटला नाही तर घेतला नाही". दुपारी ऊन चढलं की गवतावरून लहरी उठतात आणि स्टाफवरचे आकडे नाचायला लागतात, तेव्हा लेव्हल बंद करून गोट्यांचं काम.

आणि गोट्यांचं काम हाच माझ्या मते सगळ्यात भरगच्च भाग. कड्यात एकूण ३१ गोटे दिसत होते. प्रत्येकाला नंबर (दगडावर नाही, कागदावर आणि फोटोत, दगडावर खडूसुद्धा लावायचा नाही), लांबी, रुंदी, जमिनीच्या वर दिसणारी उंची, लांब बाजू कोणत्या दिशेला, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दगड जाग्यावर आहे की हललेला. हे ठरवायचं कसं? एकेका गोट्यापाशी गुडघ्यावर बसून बघत गेलो तसं एकेक सापडत गेलं. जाग्यावरच्या गोट्याची लांब बाजू कड्याच्या रेषेला धरून असते, म्हणजे गोटा आडवा लावलेला. त्याच्या बुडाशी चिपा दिसतात, हाताएवढे चपटे दगड, बैठक पक्की करायला ठोकलेले, ते आपोआप तिथे येत नाहीत. आणि जमिनीशी जिथे दगड मिळतो तिथे एक मातकट रेघ असते, रेघेच्या वर दगडफूल, खाली नाही. हललेल्या गोट्यात ही रेघ तिरपी होते किंवा हवेत वर जाते. सत्तावीस नंबरचा गोटा माझ्या चांगला लक्षात आहे, चांगला मीटरभर लांब, खालच्या अंगाला कलंडलेला, आणि ती मातीची रेघ त्याच्या पोटावरून अशी तिरकी गेलेली की तो कुठून कसा लोळला ते हातवारे करून दाखवता यावं. त्याच्या वरच्या बाजूला तो आधी जिथे बसला होता तो खळगाही होता, त्यात अजून दोन चिपा.

असं करत १९ गोटे जाग्यावरचे ठरले, बाकीचे हललेले किंवा शंकेचे. शंकेचे ते हललेल्यांतच धरायचे हा माझा आग्रह, त्यावर पोरांशी थोडं वाजलंही.

आता कागदावर. १:५० चा नकाशा, आलेख कागद. आज दिसतात तसे सगळे गोटे धरून आतल्या कडेपासून कडेपर्यंत मोजलं तर वर्तुळ उताराला आडवं १२ मीटर आणि उताराच्या दिशेने १३.९. म्हणजे लांबट. लांबट कडं मुद्दाम केलं असेल का, ही पोरांची थिअरी, आणि त्यावर त्यांनी एक संध्याकाळ बरंच काही रचलं, पाय खाली डोकं वर वगैरे. सरांनी काहीच न बोलता ट्रेसिंग पेपरवर कर्कटकाने १२ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं, म्हणजे जमिनीवरचे सहा मीटर, आणि फक्त जाग्यावरच्या एकोणीस गोट्यांच्या आतल्या कडांवर ते सरकवत बसले. आतली कड का तर गोटे कमी-जास्त जाड आहेत, बाहेरची कड धरली तर जाडीचा गोंधळ येतो. एका जागी ते बसलं. सगळे एकोणीस पाव मीटरच्या आत. हललेले सगळे बाहेर, आणि सगळे खालच्याच बाजूला बाहेर, अर्ध्या मीटरपासून पावणेदोन मीटरपर्यंत. खालच्या कमानीत जाग्यावरचे गोटे तीनच होते, पण तेच तिघं कामाचे, कारण ते नसते तर खालची बाजू मुळात कुठे होती हे कोणालाच छातीठोक सांगता आलं नसतं. तेव्हा मुळात हे बारा मीटरचं सरळ गोल कडं, लांबटपणा उताराचा.

त्या तीन गोट्यांनी अजून एक सांगितलं. वरच्या बाजूचे जाग्यावरचे गोटे साधारण ७० सेंमी लांब, खालचे तिन्ही मीटरच्या वर. वरचे गाळात बरेचसे बुडालेत त्यामुळे उंचीची तुलना करण्यात अर्थ नाही, पण लांबी तर दिसते. म्हणजे बांधणाऱ्यांना उताराचं पूर्ण भान होतं, भर खाली दाबणार म्हणून खाली दांडगे गोटे लावले. मला हे त्या अख्ख्या कामातलं सगळ्यात आवडलेलं निरीक्षण आहे, कारण हाडं-भांडी काही न बघता सुद्धा तिथे कोणीतरी उभं राहून "हा इकडे नको, तिकडे खाली लावा" म्हटलेलं आहे हे दिसतं.

उंचीचं असंच. हा उंचवटा किती उंच आहे? वरच्या बाजूला उभं राहून बघितलं तर जेमतेम वीतभर, खालून बघितलं तर जवळपास माणसाएवढा. दोन्ही आकडे फसवे. लेव्हलच्या रीडिंगवरून उभा छेद काढला, वर्तुळाच्या वरची आणि खालची मूळ जमीन एका रेषेने जोडली, आणि त्या रेषेच्या वर किती भर आहे ते मोजलं, तर ८० सेंमी. दहा-दहा सेंमीच्या फरकाने समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, काढल्या तेव्हा बाहेर त्या एकमेकींना धरून सरळ चाललेल्या आणि उंचवट्यापाशी आल्या की धारेत गोटा आल्यावर पाणी वळावं तशा खाली वळसा घेऊन जाणाऱ्या.

पण सगळ्यात उंच टोक मधे नव्हतं, केंद्रापासून खाली दीड-दोन मीटरवर होतं. याचं अर्धं कारण तेच, भर खाली सरकणं. उरलेलं अर्धं कारण मधला खड्डा. अडीच मीटरचा, अर्धा मीटर खोल, रायमुनियाने भरलेला, त्यामुळे आधी लक्षात येत नाही. खणून काढलेली माती सरळ खालच्या अंगाला टाकलेली, तोच तो उंच टोकाचा गोळा. गुप्तधन. कोणीतरी कधीतरी सोन्याच्या आशेने मधे उकरलं होतं. खड्ड्यात उगवलेल्या पळसाचं खोड मांडीएवढं जाड होतं, म्हणजे प्रकार हल्लीचा नाही.

बकऱ्या घेऊन येणारे एक काकाजी रोज आमच्याजवळ बसायचे. पहिल्या दिवशी म्हणाले, "काय मोजून राहिल्या ओ ताई, कारखाना येते काय इथं?" मग सांगितलं तर म्हणे, "गवळ्यायचे हायेत ना हे, गवळी राजा होता, त्याच्या गायी बसत होत्या आत." आपल्याकडे जुनं काहीही असलं की गवळी राजाच्या नावावर जातं. खड्ड्याचं विचारलं तर त्यांच्या आज्याच्या काळात कोणी रात्री खणलं आणि त्याला भूल पडली, चक्रम होऊन फिरला, अशी गोष्ट. मी त्यांना सांगितलं काकाजी, ही गोष्ट सगळ्यांना सांगत राहा. कायद्यापेक्षा ती जास्त कामाची आहे. कायदा आहेच तसा, १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून चालू आहे, जमिनीत दहा रुपयांच्या वर काही सापडलं की कलेक्टरला कळवायचं, पण रात्री सब्बल घेऊन येणारा माणूस कायदा वाचून येत नाही. आणि विदर्भातल्या उत्खननात निघालं ते लोखंड, तांबं, मणी, भांडी, सोनं अगदी किरकोळ. हेही त्यांना सांगितलं. पटलं नाही बहुतेक.

त्या जुन्या खड्ड्याने नुकसान केलं पण आतलं थोडं दाखवलंही, तो एकच नाईलाजाचा फायदा. टेकाड सगळं मुरमाचं, तांबूस-पिवळं. खड्ड्याच्या कडेला मात्र काळी चिकण माती आणि त्यात बोराएवढे, लिंबाएवढे गोल गोटे. अशी माती या उतारावर कुठेच नाही, ती खाली नाल्याकाठी. कोणीतरी टोपल्यांनी वर आणलेली. माहुरझरी, नैकुंडच्या उत्खननांत जशी काळ्या मातीची आणि गोट्यांची भर निघाली तसंच हे. इतका वेळ मी "वर्तुळ" म्हणत होते ते "दफन" म्हणायला मला इथे आधार मिळाला. नुसतं कडं तर गुरांच्या वाड्याचंही असू शकतं, काकाजींचं अगदीच चूक नव्हतं, पण गुरांच्या वाड्यात कोणी खालून चिकण माती आणून ऐंशी सेंटिमीटर भरत नाही.

खालच्या घळीत खापरं मिळाली, पाण्याने वाहत आलेली. मोठं एक काठाचं होतं, तळहाताएवढं, आतून आणि काठाला काळं, बाहेरून खाली तांबडं. भांडं उलटं ठेवून भाजलं की आतल्या बाजूला हवा लागत नाही म्हणून तिथे काळं होतं, बाहेर हवा म्हणून तांबडं. एक अभ्रक मिसळलेल्या लाल मातीचं, उन्हात धरलं की चमचमायचं. फोटो, माप, जागा नकाशावर, आणि परत जिथलं तिथे. पोरांचा जीव वरखाली होत होता, पण नाही म्हणजे नाही. तसंही काळ्या-तांबड्या खापरावरून काळ ठरवता येत नाही, ही भांडी महापाषाणांच्या आधीही होती आणि नंतरही राहिली. वर्तुळ, भर, खापर असं सगळं एकत्र आलं की मग अंदाजाला वजन येतं.

वाटीखळग्यांचं थोडक्यात सांगते. बेसॉल्टला तसेही बुडबुड्यांचे खळगे असतात आणि दर दुसरा माणूस येऊन "हे बघा कोरलंय" म्हणतो. नैसर्गिक खळगे वेगवेगळ्या मापाचे, वेडेवाकडे, कधी आत पांढरं खनिज बसलेलं. कोरलेले एका मापाचे आणि ओळीत. हे भर दुपारी दिसत नाही. सकाळी सूर्य आडवा असताना एका गोट्यावर नऊ खळगे उमटले, प्रत्येकी चार-पाच सेंमी, दोन ओळी, आणि तासाभरात परत दिसेनासे झाले. संध्याकाळी अंधार पडल्यावर बाजूने टॉर्च मारून फोटो घेतले, ते सगळ्यात स्पष्ट. गोटा जाग्यावरचाच होता. पोरांनी लगेच नक्षत्रं काढायला घेतली. एका गोट्यावरच्या नऊ खळग्यांवरून आकाश काढू नका एवढंच मी म्हटलं.

जागा इथेच का, याचं उत्तर देताना मी जरा हात आखडता घेते. वर्तुळ माथ्यावर नाही, माथ्याच्या जरा खाली जिथे उतार एकदम मोडतो त्या खांद्यावर आहे. खालच्या नाल्यातून वर बघितलं तर माथा दिसतच नाही, हा खांदाच आभाळाला टेकलेला दिसतो आणि त्यावर गोटे. माथ्यावर बांधलं असतं तर खालून दिसलं नसतं. पटण्यासारखं आहे, पण तेव्हा मधे झाडी किती होती कोण सांगणार. दुसरं म्हणजे बरड जमिनीवरच वर्तुळं बांधायचे असं जे म्हटलं जातं, त्यात एक मेख आहे: काळ्या जमिनीवर जी असतील ती नांगराखाली गेली, गोटे धुऱ्यावर गेले, हल्ली क्रशरला जातात, लेआउट पडतात. टिकली ती बरडावरची, म्हणून दिसतात ती बरडावरची. आमच्या त्या धुऱ्यावरच्या ढिगात तळाला दोन गोटे असे होते की मापाने, घडणीने सरळ कड्यातले वाटावेत. तसं टिपणात लिहिलं, "शक्यता" म्हणून.

शेवटी चर. नकाशा घेऊन वनरक्षकभाऊंना आणि काम बघणाऱ्या साहेबांना जागेवर बोलावलं. साहेब चांगले होते, म्हणाले वर्तुळ सोडून देऊ, गोट्यांच्या बाहेरून एक मीटर लांब रेघ नेतो. इथे सगळी मोजणी कामाला आली. वरच्या बाजूला एक मीटर एकवेळ चाललं असतं, पण खाली भर गोट्यांच्या बाहेर पाच-सहा मीटरपर्यंत पसरलेली, काळ्या मातीसकट, खापरं तर त्याहून खाली. तिथे चर खोदला म्हणजे दफनाचाच वाहून आलेला भाग खोदला. आणि वरच्या बाजूला चरच नसला तर पावसाचं पाणी थेट उंचवट्यावर येऊन त्याला अजून खाली ढकलणार, तेव्हा वर दहा मीटर सोडून एक चर उलट हवाच, पण त्याचं जास्तीचं पाणी बाजूला काढून देणारा. सरांनी छेद समोर धरून हे साहेबांना समजावलं, दोघेही पाण्याच्या कामातले, त्यामुळे त्यांचं माझ्यापेक्षा लवकर जमलं. तासभर घासाघीस झाली. साहेबांचं म्हणणं खाली दहा मीटर सोडावे, आम्ही वीस मागत होतो, कारण घळीतली खापरं अठरा मीटरवर होती. पंधरावर यायला तयार झाले, मग काकाजी मधेच म्हणाले की त्या घळीत तसंही खोदून फायदा नाही, दर पावसात भरून जाते. ते मात्र साहेबांना लगेच पटलं. वीस मीटर झाले, जुनी चुन्याची रेघ पायाने पुसली, नवी टाकली, आणि नकाशाची एक प्रत त्यांच्या रजिस्टरला, एक राज्य पुरातत्त्व विभागाला पाठवली. धुऱ्यावरच्या ढिगातल्या दोन गोट्यांसाठी शेतमालकाची परवानगी घेऊन यंदा गवत वाळलं की परत जायचंय.